प्लेटवर बसलेली हवा

जळगावची हवा कशी आहे असं कोणी विचारलं की मी मोबाइलमधले सोलरच्या प्लेटांचे फोटो दाखवतो. धंदाच तो आहे माझा. गच्चीवर प्लेटा बसवायच्या, नेट मीटरचे कागद फिरवायचे, आणि ज्यांना शिडी चढणं झेपत नाही त्यांच्या प्लेटा ठरावीक दिवसांनी धुऊन द्यायच्या. २०२४च्या फेब्रुवारीत सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी सुरू झाली, आणि तेव्हापासून गावात सोलरवाले इतके झालेत की बसवण्यात फारसं काही सुटत नाही. धुण्यात सुटतं. त्याचं श्रेय जळगावला.

घरातली धूळ आपण रोज झाडतो, गाडीवरची पुसतो, त्यामुळे ती किती येते याचा अंदाजच लागत नाही. गच्चीवरच्या काचेला कोणी हात लावत नाही. पंधरा दिवसांत आकाशातून काय उतरलं ते तिथे जसंच्या तसं पडलेलं असतं. वर त्याचा हिशोबही मिळतो, कारण इन्व्हर्टर, म्हणजे प्लेटांची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, रोज किती युनिट झाले ते मोबाइलवर सांगतं. धूळ वाढली की युनिट घटतात. हवा मोजायचं यंत्र म्हणून कोणी या प्लेटा बनवल्या नाहीत, पण आमच्या गावात त्या ते काम बिनपगारी करतात.

दोन घरं माझ्या कायम नजरेखाली असतात. एक महाबळमध्ये, आतल्या गल्लीत, जुनी झाडं, रस्ता डांबरी. दुसरं हायवेला लागून असलेल्या कॉलनीत. दोन्हीकडे तीन किलोवॅट, प्लेटा एकाच बनावटीच्या, तोंड दक्षिणेला, ढाळ सारखा. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांचे युनिट जवळपास सारखे, बारा-तेरा. मग महाबळचे सर निवांत असतात. हायवेवाल्या नानांचा आलेख मात्र आठवड्याभरातच खाली झुकायला लागतो आणि महिना होईतो दहाच्या आत येतो. मग नानांचा फोन, ‘अरे, तुझं इन्व्हर्टर बिघडलं का रे?’ इन्व्हर्टर ठणठणीत असतं.

या कामात एक वेगळीच नजर तयार झाली आहे. फडक्याला लागलेला रंग पाहिला की वस्ती सांगता येते. एमआयडीसीत दाल मिलच्या बाजूला तुरीच्या टरफलाचा बारीक भुसा येतो, पिवळसर, हलका. कोरडा असताना फुंकरीने उडतो, पाणी पडलं की लगदा होऊन चिकटतो. खोटेनगर ते अजिंठा चौफुली या पट्ट्यात काळपट करडा थर असतो आणि त्याला तेलकटपणा असतो. डिझेलचा धूर, घासलेले टायर, ब्रेकचा भुगा, सगळं त्यात आलं. तो नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो. पिंप्राळ्याच्या पुढे, सावखेड्याच्या वाटेला, मोहाडी रोडला जिथे नव्या कॉलन्या पडल्या आहेत तिथे काळी माती आणि मुरूम. आव्हाण्याच्या बाजूला कधीकधी काजळीचे पापुद्रे सापडतात, हात लावला की फुटणारे. म्हणजे आदल्या रात्री कुठेतरी कचरा पेटला होता. आणि भुसावळच्या पुढे दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या आसपास गेलं की राख. बोटांत चोळली तर गुळगुळीत लागते, मातीसारखी खरखरीत नसते. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा सोबतचा पोरगा, जो अमळनेर तालुक्यातला आहे आणि धुळीचं त्याला नवल असायचं कारण नाही, तोसुद्धा वर चढून म्हणाला, ‘कितली धूय से आठे, भाऊ!’

सगळ्यात वाईट महिने डिसेंबर आणि जानेवारी. उन्हाळ्यात वारा, वावटळ, सगळं असतं, पण ती धूळ कोरडी असते, थोडी बसते थोडी उडते. हिवाळ्यात पहाटे दहिवर पडतं. काच ओली होते, रात्रभर साचलेली धूळ भिजून खालच्या कडेला ओघळते आणि नऊ वाजता ऊन आलं की तिथेच वाळते. असं आठ दिवस झालं की फ्रेमला लागून एक करकरीत पट्टा तयार होतो. तो पट्टा दोन बोटांचाच असतो, पण खालच्या रांगेतल्या प्रत्येक सेलची, म्हणजे वीज करणाऱ्या चौकोनाची, कड झाकतो, आणि एक रांग झाकली गेली की आख्ख्या प्लेटचं उत्पादन पडतं. बाकी काच चकचकीत दिसत असते, त्यामुळे घरमालकाला पटतच नाही.

शिवाय हिवाळ्यात आमच्याकडची हवा हलत नाही. वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर, मध्ये तापीचं खोरं. रात्री जमीन गारठते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकण घालून बसते. त्या झाकणाखाली चुली, बंब, शेकोट्या, बेकऱ्या, कचऱ्याचे ढीग, डंपर, सगळ्यांचा धूर. सकाळी सातला एखाद्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पाहिलं तर गावावर एक मळकट पट्टी दिसते. लोक त्याला धुकं समजून फोटो काढतात.

गांधीनगरच्या आयआयटीत यावर काम झालेलं आहे. तिथे प्लेटा काही आठवडे न धुता ठेवून मग धुतल्या, तर दर धुण्यानंतर उत्पादन जवळपास निम्म्याने वाढलं. २०१७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आमच्या गिऱ्हाइकांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना ते माझ्या जाहिरातीसारखं वाटतं, पण मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. प्लेटवरच्या थरात वजनाने ९२ टक्के साधी धूळ निघाली, आणि उरलेले आठ टक्के माणसाने केलेल्या धुरातले कार्बन आणि क्षार. पण ते आठ टक्के कण इतके बारीक आणि चिकट असतात की वजनाच्या मानाने प्रकाश तेच जास्त अडवतात आणि निघतानाही तेच त्रास देतात.

म्हणजे प्लेटवर जी बसते ती धूळ त्यातल्या त्यात बरी. ती जड आहे म्हणून बसली. जे कण सहजासहजी बसत नाहीत, तासन्‌तास तरंगत राहतात, ते नाकातून थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनचे आणि त्याखालचे. आपल्या देशात २००९ साली ठरलेली वर्षाची सरासरी मर्यादा पीएम १० साठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ साठी ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे १५ आणि ५ वर आणले. आपल्या ४० आणि त्यांच्या ५ मध्ये जे अंतर आहे ते पाहून मी एका गिऱ्हाइक डॉक्टरांना विचारलं, लहान मुलांचे डॉक्टर आहेत, की नक्की कोणाचं धरायचं? ते म्हणाले, ‘मी दिवाळी ते संक्रांत या दिवसांत माझ्या ओपीडीत किती पोरं नेब्युलायझरला येतात ते धरतो.’

आता जळगावाचं सरकारी चित्र. २०१९च्या जानेवारीत केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा सलग काही वर्षं मर्यादेच्या बाहेर सापडली त्यांची यादी केली. ती आज सुमारे १३० शहरांची आहे आणि तिच्यात जळगाव आहे. आधी २०२४ पर्यंत कण २० ते ३० टक्क्यांनी कमी करायचे ठरलं होतं, मग ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असं झालं. धुळे यादीत नाही. नंदुरबार नाही. औष्णिक केंद्र शेजारी असलेलं भुसावळही नाही. आमच्या भुसावळच्या पाहुण्यांना याचा आनंद होतो की आपली हवा चांगली निघाली. यादी मोजलेल्या आकड्यांवरून झाली आहे एवढंच मी त्यांना सांगतो.

मोजणी कशी होते तेही पाहण्यासारखं आहे. जळगावात प्रदूषण मंडळाची हाताने मोजायची ठिकाणं आहेत: बी. जे. मार्केट, गिरणा टाकी आणि एमआयडीसी. हाताने मोजायचं म्हणजे यंत्रात वजन केलेला गाळणकागद घालायचा, त्यातून हवा ओढायची, आणि मग कागद परत वजन करायचा. आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस असा देशभरचा नियम आहे. पद्धत चांगली आहे, तिची थट्टा मला करायची नाही. पण उरलेले अडीचशेहून जास्त दिवस त्या कागदावर नसतात, आणि पिंप्राळ्याची चारी, म्हणजे पाइपसाठी खोदलेला चर, तर अजिबातच नसते.

त्या चारीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण वाढत्या गावाची हवा कशी बिघडते ते मला तिथे कळलं.

जळगावात २००३ मध्ये महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या चार लाख साठ हजारांच्या घरात होती. त्यानंतर गाव चारही बाजूंना पसरलं. शेत एनए (बिगरशेती) झालं, प्लॉट पडले, त्यावर घरं झाली. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी घर, मग वीज, मग पाणी, मग गटार, मग केबल, आणि सगळ्यात शेवटी रस्ता. रस्ता होईपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात आणि तेवढी वर्षं ती कॉलनी उघड्या काळ्या मातीवर जगते. आमच्या भागात आधी पाण्याच्या पाइपसाठी चारी खोदली. निघालेली माती रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवली. पाइप टाकला आणि तीच माती वरून लोटली, दाबली नाही. पावसाळ्यात ती खचली, चिखल झाला, आणि चाकांनी तो चिखल पार मुख्य डांबरी रस्त्यापर्यंत नेला. ऊन पडल्यावर तो वाळला. त्याच्यावरून दिवसभर गाड्या गेल्या, त्याचं पीठ झालं. दिवाळीनंतर ते पीठ प्रत्येक गाडीमागे उठायला लागलं. दुसऱ्या वर्षी भुयारी गटारीची चारी. ती बुजली न बुजली तोच कोणत्या तरी केबलवाल्याने अर्धा फूट बाजूने पुन्हा खोदलं. त्या काळात त्या कॉलनीत माझ्याकडे धुण्याची इतकी कामं होती की पोरं कमी पडली.

मग कधीतरी काँक्रीटचा रस्ता झाला. लोकांनी नारळ फोडला. पण काँक्रीट मधल्या पट्ट्यातच, दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या मुरमाच्या. समोरून गाडी आली की चाक खाली उतरतं, मुरूम घेऊन वर चढतं आणि तो काँक्रीटवर दळला जातो. वरून रस्ता गुळगुळीत झाल्याने गाड्या जोरात जायला लागल्या. जोरात गाडी गेली की धूळ जास्त उठते, हे कोणालाही दिसतं. नानांचे युनिट रस्ता झाल्यावरही वाढले नाहीत, याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं.

त्याच भागात एका गल्लीत मात्र रहिवाशांनी वर्गणी काढून आणि नगरसेवकाच्या मागे लागून कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. तिथल्या माझ्या गिऱ्हाइकाने महिन्याचं धुणं बंद करून दोन महिन्यांवर आणलं. माझं नुकसान झालं, पण पुरावा हातात आला. (सगळीकडे पेव्हर ठोकून टाका असं माझं म्हणणं नाही. त्याने पाणी मुरत नाही, आणि आमच्या बोअरची अवस्था आधीच वाईट. कडेला गवत लावा, वेल लावा, काहीही लावा. माती उघडी ठेवू नका.)

मी धुण्यावर पोट भरणारा माणूस आहे आणि तरी सांगतो, धुऊन काही होत नाही. आज धुतलेली प्लेट पंधरा दिवसांनी तशीच असते, कारण धूळ जिथून येते ते ठिकाण तसंच असतं. शहरंही आज नेमका माझाच धंदा करत आहेत. पाण्याचे टँकर फिरवायचे, तोफेसारख्या यंत्राने फवारे उडवायचे, चौकात कारंजी बसवायची, झाडूची मोठी गाडी घ्यायची. फवाऱ्याचं पाणी आमच्या मे महिन्यात दहा मिनिटंही टिकत नाही. झाडूची गाडी मोठी खडी उचलते, बारीक पीठ मागे उडवते, त्यातला ओढून घेणारा पंखा नीट चालला नाही तर. आणि जिथे गाडी नाही तिथे पहाटे सफाईच्या ताया कोरड्या झाडूने रस्ता झाडतात, सगळी धूळ आधी त्यांच्या छातीत जाते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा खर्च तपासला तर ६४ टक्के पैसा धुळीच्या कामांवर गेलेला निघाला. कचरा-काटक्या जाळणं थांबवायला साधारण साडेचौदा टक्के, वाहनांसाठी साडेबारा टक्क्यांच्या आसपास, आणि कारखान्यांच्या धुरासाठी एक टक्कासुद्धा नाही.

धुळीवर पैसा गेला याचं मला वाईट वाटत नाही. साइडपट्टी पक्की करायला जो पैसा गेला तो सत्कारणी लागला. राग फवाऱ्यांचा येतो.

आणि नियम नाहीत असंही नाही. २०१८च्या जानेवारीत केंद्राने बांधकामाच्या धुळीवर अधिसूचना काढली आहे. ज्या गावांची हवा मर्यादेबाहेर आहे तिथे माती, वाळू, मलबा उघडा ठेवायचा नाही. बांधकामाभोवती आडोसा हवा. उघड्यावर फरशी-दगड कापायचा नाही. माल नेणारी गाडी झाकलेली हवी. आता गिरणेची वाळू भरून पहाटे येणारे डंपर डोळ्यांपुढे आणा आणि ताडपत्री किती जणांवर असते ते आठवा. एखाद्या नव्या अपार्टमेंटखाली फरशी कापणारा कारागीर पाहा: मशीनला पाण्याची नळी लावायची सोय असते, पण टाकी भरायचा कंटाळा. तो पांढऱ्या ढगात उभा असतो, रुमाल बांधून. तो रुमाल त्या कणांना अडवत नाही.

धुराबद्दल लिहायला घेतलं की मला आमच्या घरातूनच सुरुवात करावी लागते. हिवाळ्यात खानदेशात भरताच्या पार्ट्या असतात. बामणोदची हिरवी-पांढरी वांगी, पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) किंवा तुरीच्या काड्यांवर भाजलेली, आणि कळण्याची भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी भरीत मानत नाही. तो धूरही अडीच मायक्रॉनच्या आतलाच आहे हे मला माहीत आहे, आणि तरीही भरताला हात लावू देणार नाही. वर्षातले चार दिवस शेतात पेटलेली पऱ्हाटी वेगळी आणि गल्लीत रोज पहाटे पेटणारा बंब वेगळा. जुन्या जळगावात बंब अजून आहेत. त्यात पऱ्हाटी असते तोवर ठीक, पण पुठ्ठे, थर्माकोल, तेलाच्या पिशव्या, जुनी चप्पल, काय काय जातं. शेजारच्या घराच्या प्लेटवर त्याचे काळे ठिपके मी मोजू शकतो.

कचऱ्याचंही तेच. झाडून गोळा केलेला पाला आणि प्लास्टिक कोपऱ्यात काडी लावून संपवायचं, ही सवय इतकी जुनी आहे की करणाऱ्याला आपण काही जाळतोय असं वाटतच नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६च्या डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार दंड ठरवला होता. माझ्या ओळखीत कोणी तो भरलेला नाही. दंडापेक्षा घंटागाडी रोज आली तर जास्त उपयोग होईल असं माझं मत, कारण ज्या गल्लीत गाडी वेळेवर येते तिथला कोपरा पेटत नाही. कपाशीच्या शेतातल्या पऱ्हाटीचाही विचार करायला हवा. कापूस वेचून झाला की शेतकरी ती उपटून बांधावर पेटवतो, कारण गुलाबी बोंडअळी तिच्यात राहते आणि रोटावेटर-श्रेडरचं भाडं परवडत नाही. त्याला शिव्या देणाऱ्यांनी आधी ते भाडं कोण देणार ते सांगावं.

कारखान्यांच्या चिमणीचं काय करता येतं ते बघायला मात्र लांब जावं लागत नाही. आपली तापीच तिथे, सुरतेला जाते. खानदेशातल्या निम्म्या घरांचं एक टोक सुरतेला असतं. माझा चुलतभाऊ लिंबायतला राहतो आणि कपडा रंगवणाऱ्या मिलमध्ये बॉयलरवर काम करायचा. २०१९ मध्ये गुजरातच्या प्रदूषण मंडळाने सुरतच्या कोळसा जाळणाऱ्या मिल्ससाठी एक पद्धत सुरू केली. प्रत्येक चिमणीत सतत मोजणारं यंत्र बसवलं. सगळ्या मिल्सनी मिळून किती किलो कण सोडायचे याची एक वरची मर्यादा ठरवली आणि त्याचे परवाने वाटले. ज्याने कमी सोडले त्याने उरलेले परवाने विकायचे, ज्याला जास्त लागतात त्याने विकत घ्यायचे, आणि परवाने नसताना सोडले तर आगाऊ भरलेल्या अनामतीतून पैसे कापायचे. कणांच्या बाबतीत असा बाजार जगात पहिल्यांदा सुरतेत झाला. त्यात आलेल्या मिल्सचं प्रदूषण न आलेल्यांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी कमी झालं. भावाला मी विचारलं, खरंच फरक पडला का? तो म्हणाला, ‘पहिले साहेब येवाना दिन चांगला कोयसा टाकेत. आते चिमनीमा मशीन बसाडेल से, ते रातले बी मोजस.’

एमआयडीसीतल्या दाल मिलना सुरतेसारखा बाजार लागेल असं नाही. हवा गरगर फिरवून भुसा धरणारं सायक्लोन नावाचं यंत्र आणि पिशव्यांचा फिल्टर नीट चालला तरी पुष्कळ, आणि पडलेली चुनी (डाळीचा चुरा) ढोरांच्या खाद्यात विकली जाते म्हणजे ती उडू देण्यात मालकाचाच तोटा. पण रात्री मोजणारं काहीतरी हवं. रात्री चिमण्या वेगळ्या वागतात, हे सकाळच्या प्लेटा सांगतात.

याच हायवेवर पुढे अमरावती आहे. केंद्राच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख लोकवस्तीच्या शहरांत २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये ती देशात पहिली आली. कापूस त्यांच्याकडेही, ऊन त्यांच्याकडेही, डंपर तेच. तेव्हा ‘खानदेशातली माती अशीच, इथे धूळ राहणारच’ हे जे आमच्याकडे सगळ्या बैठकांत ऐकू येतं, ते मी यापुढे ऐकून घेणार नाही.

आमच्या गल्लीने सध्या एकच गोष्ट हातात घेतली आहे. माहितीच्या अधिकारात आमच्या भागातल्या खोदकामाच्या कार्यादेशाची प्रत मागितली आहे. माझ्या एका ठेकेदार मित्राने सांगितलं की बहुतेक निविदांमध्ये चारी बुजवून, थराथराने दाबून, रस्ता होता तसा करून देण्याचं कलम असतं आणि त्याचे पैसेही बिलात धरलेले असतात. ते खरं असेल तर आमची मागणी साधी आहे: रस्ता पूर्ववत झाल्याचा फोटो आणि दोन रहिवाशांच्या सह्या असल्याशिवाय शेवटचं बिल निघू नये. दुसरी मागणी साइडपट्टीची. पुढच्या अंदाजपत्रकात आमच्या वॉर्डात नवा रस्ता एकही नको, जे झालेत त्यांच्या कडा बांधा. बैठकीत हे मांडल्यावर एक काका म्हणाले, ‘अरे, रस्ता नको म्हणणारी पहिलीच गल्ली असेल ही!’ सह्या मात्र त्यांनीच सगळ्यात जास्त गोळा केल्या.

बऱ्याच जणांनी प्लेटा घरी कशा धुवायच्या ते विचारलं आहे, म्हणून तेही लिहितो. सूर्य वर यायच्या आत धुवा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं पाणी वापरलंत तर वायपरने लगेच ओढून घ्या, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि ते धुळीपेक्षा चिवट. वाघूर धरणाचं नळाचं पाणी बरं. मऊ ब्रश घ्या, भांड्याची घासणी लावू नका. खालच्या कडेचा पट्टा आधी भिजवून पाच मिनिटं ठेवा, मग घासा. तोंडाला साधा रुमाल न बांधता एन ९५ मास्क लावा, विशेषतः हायवेच्या बाजूला. आणि धुण्याआधी प्लेटवर बोट ओढून एक फोटो काढा, तारीख आणि कॉलनीचं नाव घालून मला पाठवा. वॉर्डाच्या पुढच्या बैठकीला ते सगळे छापून न्यायचे आहेत.